अठ्ठेचाळीस तुकड्यांची बैठक

चिकपेटेत एकेचाळीस वर्षं साड्यांचा घाऊक धंदा केलेल्या माणसाला गाण्यातलं काय कळणार, असं ज्याला वाटत असेल त्याने एखाद्या रविवारी सकाळी नऊ वाजता बसवनगुडीत श्रीधरराव सुलाख्यांच्या घरी जाऊन बसावं. नऊ म्हणजे नऊ. नऊ वाजून दोन मिनिटांनी दाराला आतून कडी लागते, मग बाहेर जावई उभा असो नाहीतर मंत्री.

या बैठकीचे कायदे कडक. फोन चपलांच्या कपाटात ठेवायचे. आलाप चालू असताना बोलायचं नाही, मान मात्र हवी तेवढी हलवावी. पुढे काय लागणार हे कुणी विचारायचं नाही आणि श्रीधररावांनी सांगायचं नाही, कारण त्यांच्या मते निम्मी मजा त्या न सांगण्यातच आहे. शेवट भैरवीने, मग कॉफी. बावीस वर्षं हे असं चाललं. ऐकणारे चार, सगळे चिकपेटेतले जुने दुकानदार. त्यांचा म्होरक्या त्रिविक्रम, कुलपं आणि बिजागऱ्यांचा व्यापारी, श्रीधररावांचा शाळेपासूनचा मित्र आणि तेव्हापासूनचाच छळवादी.

गेल्या श्रावणात एका रविवारी तोडी लागायची तिथे मारवा लागला. मारवा हा सूर्य मावळतानाचा राग, आणि घड्याळात सकाळचे सव्वानऊ.

"काय श्रीधरण्णा," त्रिविक्रम म्हणाला, "आत्ताच सूर्य बुडवलास की रे! स्वल्प थांब, जेवण तरी होऊ दे."

सगळे हसले. श्रीधररावही हसले. त्यांनी सीडी काढली, चाचपडत दुसरी घातली, तीही भलतीच निघाली. तेव्हा त्यांनी अँप्लिफायरच्या पाठीवर थाप मारली, "ह्यालाच काहीतरी झालंय, दुरुस्तीला टाकतो" असं जाहीर केलं आणि बैठक उठवली. अँप्लिफायर बिचारा ठणठणीत होता.

बिघडले होते ते डोळे. काचबिंदू. डावा पुरता गेलेला, आणि उजव्यातून दिसायचं ते सदऱ्याच्या काजातून पाहावं एवढंच, तेही धुरकट. सीडीच्या कडेवरची बारीक अक्षरं तर केव्हाच पुसली होती. वर्षभर श्रीधरराव सीड्या जागेवरून ओळखत होते, तिसऱ्या फळीवरची डावीकडून अकरावी, असं. मोलकरणीने एकदा धूळ झटकली आणि सगळी फळी हलली.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. त्याला कारण होतं. त्यांच्या वडिलांचे, तात्यांचे, डोळे याच रोगाने गेले होते. त्यानंतर नऊ वर्षं ते दुकानात गादीवर बसून होते आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांच्या हातात काहीतरी देत असे. कॉफीचा पेला हातात, काठी हातात, सुपारीचं खांड हातात. देणारे प्रेमानेच देत. पण ज्या माणसाने ते दुकान शून्यातून उभं केलं, त्याने नऊ वर्षांत एक वस्तू स्वतः उचलली नाही. श्रीधररावांच्या मनात धसका बसला होता तो या हातात देण्याचा. बैठक सुरू ठेवायची तर कुणीतरी शेजारी बसून सीडी हातात देणार, आणि तसली बैठक त्यांना नको होती.

मुलगा पवनकुमार होसकोट्याच्या एका कारखान्यात इंजिनीयर. सकाळी सहाला घर सोडायचा. डॉक्टरांनी डोळ्यांत घालायला थेंब दिलेत एवढं त्याला माहीत होतं, आणि थेंब दिले म्हणजे काम होतंय अशी त्याची इंजिनीयरी समजूत होती. बैठक बंद पडली म्हणून त्याने वडिलांना एक बोलकी डबी आणून दिली. तोंडाने सांगायचं, ती वाजवते. श्रीधररावांनी ती दोन दिवस वापरली आणि परत केली. एक तर त्यांच्या दोनशे तीस कॅसेटींतलं गाणं त्या डबीकडे नव्हतं. रामनवमीच्या मांडवात बसून, गुळाच्या पानकाचे पेले बाजूला सारून, सेलवरच्या टेपवर त्यांनी स्वतः भरलेल्या कॅसेटी त्या. आणि दुसरं म्हणजे पुढचं गाणं आधी मोठ्याने बोलून दाखवायचं, म्हणजे बैठकीचा मुख्य कायदाच मोडला.

गोष्ट फुटली ती सुनेमुळे. शिल्पाश्री इंदिरानगरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून काढायचं काम करायची आणि घरी आली तरी ती नजर काही उतरत नसे. एका सकाळी तिने सासऱ्यांच्या कॉफीचा पेला नेहमीच्या जागेपासून वीतभर लांब ठेवला आणि गप्प उभी राहिली. श्रीधररावांचा हात रिकाम्या जागेवर गेला, तिथेच थांबला, मग टेबलावरून हळूहळू सरकायला लागला.

"मामंजी, कधीपासून?"

"पवनला सांगू नकोस."

"नाही सांगत. पण मग बैठकीचं काय करायचं ते बघूया."

बायको, सुनंदाबाई, गेल्यापासून त्या घरात श्रीधररावांशी इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून ते तिच्यावर खेकसले.

कामाला कार्तिकात सुरुवात झाली. सहाशे चाळीस सीड्या आणि दोनशे तीस कॅसेटी, सगळं एका डिस्कवर उतरवायचं, त्याची दुसरी प्रत लोखंडी कपाटात ठेवायची, आणि लाकडी पेटीत बसवलेल्या, पत्त्यांच्या जोडाएवढ्या एका छोट्या कॉम्प्युटरवरून ते जुन्या अँप्लिफायरमधून वाजवायचं, असा शिल्पाश्रीचा बेत. सीड्या भराभर उतरायच्या. कॅसेट मात्र जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ घेणार. ते काम श्रीधररावांनी अंगावर घेतलं. रोज चार कॅसेटी, बाजू त्यांनीच उलटायची, बटण त्यांनीच दाबायचं.

पहिल्या साठ सीड्या झाल्यावर श्रीधरराव ऐकायला बसले आणि त्यांनी नाक मुरडलं.

"ह्याला खळ लावलीय."

"म्हणजे?"

"हलक्या कापडाला खळ लावली की भारी वाटतं. एकदा धुतलं की कळतं. तंबोऱ्याच्या तारा बघ, चार आहेत की दोन, काही कळतंय का?"

जागा वाचवायची म्हणून शिल्पाश्रीने आवाज दाबून उतरवला होता हे खरं, पण तो फरक कानाला कळतो यावर तिचा विश्वास नव्हता. तिने परीक्षा घेतली. तोच तुकडा, कधी मूळ सीडीवरून, कधी डिस्कवरून, न सांगता दहा वेळा लावला. श्रीधररावांनी नऊ वेळा बरोबर सांगितलं आणि दहाव्या वेळी ट्रक गेला म्हणून वाद घातला. तिने त्या साठही सीड्या काटछाट न करता पुन्हा उतरवल्या. त्यानंतर आलाप संपून बंदिश सुरू होताना मध्ये क्षणभर शांतता पडायला लागली, तेव्हा ते पुन्हा कडाडले, "सहावारी साडीत जोड! हे गिऱ्हाईकाला दाखवू?" दोन संध्याकाळी खपून तिने तोही जोड काढला. ऑफिसात तिच्या हाताखालचे लोक तिला घाबरत. घरी तिला तिच्याहून कडक तपासनीस भेटला होता, आणि खरं सांगायचं तर तिला ते फार आवडलं होतं.

पण मुख्य गाठ सुटत नव्हती. आठशे सत्तर गोष्टी डिस्कवर बसल्या, त्यांतली हवी ती काढायची कशी? पडदा दिसत नाही, तोंडाने सांगायचं नाही.

ती गाठ सुटली मेट्रोत. श्रीधरराव सुनेबरोबर चिकपेटेला पद्मनाभांकडे निघाले होते. श्रीधररावांचं दुकान सहा वर्षांपूर्वी ज्यांनी विकत घेतलं ते हे पद्मनाभ. नॅशनल कॉलेज स्टेशनवर श्रीधररावांनी कार्ड टेकवलं, दार उघडलं, आणि ते तिथेच थबकले.

"होगी सार, होगी," पुढे चला म्हणून मागचे लोक ओरडायला लागले.

"शिल्पा, ह्या कार्डाला कसं कळतं मी कोण?"

"त्यात एक नंबर असतो मामंजी. दार तो वाचतं."

"मग माझी पेटी वाचेल?"

"वाचेल की," ती म्हणाली. "पण कार्डं सगळी सारखीच लागतात हाताला. तुम्हाला कुठलं कार्ड कुठलं ते कसं कळणार?"

श्रीधरराव हसले. त्यांनी तिच्या ओढणीचं टोक दोन बोटांत धरलं. "पॉलिस्टर. रेशीम म्हणून घेतलंस ना?"

आठशे सत्तरांतली बैठकीला खरोखर लागणारी निवडली आणि अशी ती अठ्ठेचाळीस कार्डं जन्माला आली. चार बोटं रुंद पुठ्ठा, त्यावर नंबराची बारीक चकती, वर कापडाचा तुकडा. लाकडी पेटीवर कार्ड ठेवलं की त्या कार्डाचं गाणं सुरू. कुठल्या गाण्याला कुठलं कापड हे श्रीधररावांनी ठरवलं, आणि त्यात कुणाचं ऐकलं नाही. पहाटेचा भैरव जाड्याभरड्या खादीला. तोडी मलमलला. यमन म्हैसूरच्या क्रेपला, बोटाखाली वाळू असावी तसा. नाट्यपदं पैठणीच्या काठाला, गझला शिफॉनला. रामनवमीच्या मांडवातलं एक लाडकं ध्वनिमुद्रण तरटाला, कारण ते तरटावर बसूनच ऐकलं होतं. आणि भैरवीला सुनंदाबाईंच्या इरकलीचा तुकडा, धुऊन धुऊन सायीसारखा मऊ झालेला. तो कापताना त्यांनी शिल्पाश्रीला खोलीबाहेर जायला सांगितलं.

चैत्रात रामनवमी झाली. पुढच्या रविवारी बैठक, असा चौघांनाही निरोप गेला. "अँप्लिफायर झाला काय दुरुस्त?" त्रिविक्रमने फोनवर विचारलं. "झाला," श्रीधरराव म्हणाले, आणि आठवडाभर कार्डं पिसून सराव केला. एकदाही चुकले नाहीत.

शनिवारी पवनकुमार दुपारीच घरी आला. टेबलावर कार्डांचा गठ्ठा होता. कडेचे धागे सुटलेले, खादीच्या दशा निघालेल्या. अप्पांची हौस किती आणि पुठ्ठ्यांची ही दशा, असं त्याला वाटलं. शिल्पाश्री बाजारात गेली होती, अप्पा झोपले होते. त्याने गठ्ठा उचलला, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात नेला आणि सगळी कार्डं ओळखपत्रासारखी प्लास्टिकमध्ये गरम करून पक्की बंद करून आणली. तरटाचं तेवढं जाड म्हणून यंत्रात गेलं नाही. चहाच्या वेळेला त्याने गठ्ठा वडिलांसमोर ठेवला.

"अप्पा, आता वीस वर्षं काही होत नाही ह्यांना."

श्रीधररावांनी पहिलं कार्ड हातात घेतलं. गुळगुळीत. दुसरं घेतलं. तेही गुळगुळीत. दहा कार्डं त्यांनी एकामागून एक चाचपली आणि सगळी खिडकीच्या काचेसारखी लागली. नख घालून एक सोलायला गेले तर प्लास्टिकबरोबर सगळे धागे उचलून आले.

"काय केलंस हे?"

"धागे सुटायलेले, अप्पा. रंग तर दिसतात की अजून. उलट जास्त छान—"

"मला रंग दिसत नाहीत!" श्रीधरराव ओरडले. एवढ्या मोठ्याने ते दुकानातही कधी ओरडले नव्हते. "रंग नाही, अक्षर नाही, तुझं तोंड नाही. मला दिसत नाही, पवन. दोन वर्षं झाली."

पवनकुमार उभा होता तो खाली बसला. पिशव्या घेऊन दारात आलेली शिल्पाश्रीही तिथेच थांबली.

"मला का नाही सांगितलं?" पवनकुमारने विचारलं. त्याचा आवाज लहान झाला होता.

"सांगितलं असतं तर तू मला तात्यांसारखं गादीवर बसवलं असतंस. हातात पेला दिला असतास."

ते खरं होतं हे पवनकुमारला पटलं. त्याने डोळे पुसले. मग मनगटावरचं घड्याळ बघितलं, आणि या एका गोष्टीसाठी त्याला शंभर गुन्हे माफ करायला हरकत नाही.

"साडेपाच झाले. चिकपेट आठपर्यंत उघडी असते. शिल्पा, कार्डं वाजतात का अजून बघ बरं."

शिल्पाश्रीने एक कार्ड पेटीवर ठेवलं. प्लास्टिकच्या आतूनही नंबर वाचला गेला, सतार वाजली.

"सरी, ठीक आहे," पवनकुमार म्हणाला. "म्हणजे फक्त कापड गेलंय. चला अप्पा."

शनिवार संध्याकाळची चिकपेट म्हणजे खांद्याला खांदा. हमाल, हातगाड्या, लग्नाच्या खरेदीला आलेली अख्खी कुटुंबं. पवनकुमारने वडिलांचा दंड धरायला हात पुढे केला आणि आवरला. त्याने आपला खांदा पुढे केला. श्रीधररावांनी त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता डावीकडे. वासावरून सांगतो, उदबत्तीचं दुकान आलं."

पद्मनाभांनी नमुन्यांच्या तुकड्यांचं अख्खं पोतं गादीवर ओतलं. श्रीधरराव सहा वर्षांनी त्या गादीवर बसले. पण बसले ते नुसते बसायला नाही. त्यांचे हात त्या ढिगात शिरले आणि चालायला लागले. "हे खादी, ठेव. हे मलमल नाही, मिलचं आहे, टाक. हे क्रेप. हे क्रेप म्हणून विकतात, पद्मनाभा, परत पाठव हा माल." दुकानातली पोरं कामं सोडून बघायला लागली. साडी बघत बसलेल्या दोन गिऱ्हाईक बायका आपला तुकडा पुढे करून विचारायला लागल्या, अण्णा, हे खरं आहे ना? पाऊण तासात सेहेचाळीस तुकडे वेगळे निघाले, आणि पद्मनाभांचे दोन ठाण परत जाणार हे नक्की झालं.

"सत्तेचाळीस पाहिजेत ना?" पवनकुमारने मोजून विचारलं.

"एक इथे मिळायचं नाही," श्रीधरराव म्हणाले.

ते मिळालं घरीच. पवनकुमारच्या लहानपणीची गोधडी आईच्या इरकलीची होती. तिचा एक कोपरा त्याने स्वतः उसवला आणि चार बोटांचा तुकडा कापला. मग तिघं जेवणाआधी कामाला बसली. शिल्पाश्री कार्ड पेटीवर ठेवायची, चार सूर वाजायचे, श्रीधरराव ढिगातून कापड काढायचे, पवनकुमार ते प्लास्टिकवर चिकटवायचा. अडतिसाव्या कार्डाला तो न विचारता म्हणाला, "हे शिफॉन ना?" श्रीधररावांना विलक्षण आनंद झाला. त्या मुलाने दुकानात कधी पाऊल टाकलं नव्हतं.

रविवारी नऊ वाजून दोन मिनिटांनी दाराला कडी लागली. चौघे आपापल्या जागी बसले. पेटी पाहून त्रिविक्रमने भुवया उंचावल्या, पण कायदा म्हणजे कायदा, तो गप्प राहिला. श्रीधररावांनी गठ्ठ्यावरून अंगठा फिरवला, एक कार्ड काढलं आणि पेटीवर ठेवलं.

तोडी लागली. तंबोऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या. आलाप संपून बंदिश सुरू झाली तेव्हा मध्ये जोड नव्हता. मग एक बिलावल, मग सरोद, मग अशी एक ठुमरी की कोपऱ्यातले म्हातारे व्यापारी लाजले. दोन तास श्रीधररावांचा हात एकदाही अडखळला नाही. पवनकुमार दाराजवळ उभा राहून बघत होता आणि दर कार्डाला त्याचा श्वास अडकत होता. वडिलांचा अडकत नव्हता.

भैरवीच्या आधी एक फर्माईश त्रिविक्रमची, हा रिवाज होता. त्रिविक्रम मुद्दाम अवघड मागायचा.

"मांडवातली ती कॅसेट," तो म्हणाला. "लाइट गेलेली, आणि बुवा माइकशिवाय गायलेले. असेल तर दाखव. पूर्वी अर्धा तास शोधायचास, बैठक थंड व्हायची."

श्रीधररावांनी हात नुसता खाली नेला आणि तरट वर काढलं. खरखर, मग मांडवातला अंधार, आणि त्या अंधारातून येणारा एक भरदार, उघडा आवाज. हजार माणसं श्वास रोखून बसलेली ऐकू येत होती. ऐन समेवर कुणीतरी मोठ्याने खोकलं.

"हा खोकला तुझा," श्रीधरराव म्हणाले.

हसण्याचा असा गडगडाट झाला की न बोलण्याचा कायदा त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. तो ओसरल्यावर श्रीधररावांनी मांडीवर हात ठेवले आणि बोलायचं ते बोलून टाकलं.

"अँप्लिफायर बिघडला नव्हता. माझे डोळे गेलेत. आज जे लावलं ते कापड चाचपून लावलं."

त्रिविक्रमने पुढे वाकून एक कार्ड उचललं, बोटांनी चोळलं, उलटं करून पाहिलं. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज त्याने नेहमीसारखाच ठेवला.

"म्हणजे बावीस वर्षं बघून लावलंस ते आजच्याहून वाईट होतं. आधीच मिटायचे होतेस डोळे."

श्रीधरराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी गोधडीतला तुकडा शोधला, त्यावर अंगठा थोडा जास्त वेळ ठेवला आणि कार्ड पेटीवर ठेवलं. भैरवी संपेपर्यंत कुणी हललं नाही.

"पुढच्या रविवारी नऊलाच ना?" त्रिविक्रमने विचारलं.

"नऊ म्हणजे नऊ."

शिल्पाश्रीने आतून कॉफीचे पेले आणले. पवनकुमारने वडिलांचा पेला उचलला, त्यांच्यापाशी आला, त्यांचा हात धरायला वाकला, आणि थांबला. त्याने पेला टेबलावर ठेवला.

"अप्पा, कॉफी उजवीकडे आहे."

"माहितीय," श्रीधरराव म्हणाले. त्यांनी हात पुढे केला आणि पेला उचलला.